सेल्फ कण्हतो आणि रिव्हर्स खरखरतो: १४ वर्षांच्या व्हॅनला दोन आजार की एकच?

डबेवाली सिडको (नाशिक)

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगून चुकीचं उत्तर मिळण्यापेक्षा सगळं लिहिते.

माझी व्हॅन २०११ची आहे. पुढच्या सीटखाली इंजिन, ड्राइव्ह मागच्या चाकांना, पाच गिअर, पेट्रोल आणि सीएनजी. १,७८,००० किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव लिहीत नाही, या वयाला कुठलीही गाडी काहीतरी काढणारच. मधली सीट काढून तिथे डब्यांचे क्रेट लावते. पहाटे साडेचारला पंचवटीत मार्केट यार्डात भाजीला, आणि पावणेअकराला ८४ डबे घेऊन पवननगरहून अंबड एमआयडीसीत. तिथे १९ ठिकाणी थांबते, म्हणजे १९ वेळा सेल्फ मारते. २०१५च्या सिंहस्थात याच गाडीने आम्ही रोज तपोवनात जेवण पोचवलं होतं, तेव्हा मिस्टर चालवायचे. आता त्यांचे गुडघे गेलेत, गाडी मीच चालवते.

तक्रारी अशा आहेत. सकाळी सेल्फ एका दमात फिरत नाही, कण्हल्यासारखा फिरतो. अंबडमध्ये आठ-दहा थांबे झाले की नुसतं 'कट' वाजतं आणि संपलं. पहाटे हेडलाइट पिवळट पडतो. इंडिकेटर चालू असताना हॉर्न दाबला तर आवाज बसतो. लाइट लावला की टेम्परेचरचा काटा थोडा हलतो, बंद केला की जागेवर येतो. इंजिन गरम झालेलं नसतं, ते मी पाहिलंय.

दुसरीकडे गिअर. पहिले तासभर ठीक चालतो, मग क्लच जड होतो, पहिला गिअर ढकलून टाकावा लागतो आणि रिव्हर्स टाकताना खर्रर्र असा आवाज येतो की कंपनीच्या गेटवरचा वॉचमन वळून बघतो. दुसरा गिअर उतरताना कधीकधी ओरडतो, पण ते दोन वर्षांपासून आहे.

बॅटरी दीड महिन्यापूर्वी नवी टाकली, ४,३०० रुपये गेले. आठ दिवस बरं वाटलं, मग परत तेच. एका गॅरेजवाल्याने अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो, बदलायला सांगितलं. दुसऱ्याने गिअरबॉक्स खोलायचे १४,००० सांगितले. दोघांनीही सीट वर करण्यापलीकडे काही तपासलं नाही. एवढे पैसे घालायला ना नाही, पण घातल्यावर गाडी बरी व्हायला हवी. एक दिवस गाडी बंद पडली तर ८४ माणसं उपाशी राहतात, रिक्षा करून डबे वेळेत पोचत नाहीत.

मे महिन्यात क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट नवी टाकलेली आहे, त्यामुळे क्लचचा प्रश्न नसावा. काय करू?

सातपूरकर

ताई, लाइट पिवळा आणि सेल्फ कमजोर म्हणजे चार्जिंग होत नाहीये. अल्टरनेटरचे कार्बन ब्रश झिजले असतील, आमच्या गाडीचे १,६०,०००ला गेले होते. पूर्ण अल्टरनेटर घेऊ नका, ब्रश आणि बेअरिंग बदलून मिळतं, निम्म्याहून कमी खर्च येतो. रिव्हर्सचं मला कळत नाही.

जुना वायरमन

ताई, थांबा. अजून एक रुपयाही खर्च करू नका.

मी नाशिकच्याच द्वारकेजवळ ३१ वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम केलं, आता हात थरथरतात म्हणून दुकान मुलाकडे दिलंय. तुमच्या लिहिण्यात मला तीन गोष्टी दिसल्या. नवी बॅटरी टाकूनही आठ दिवसांत तेच. लाइट लावला की टेम्परेचरचा काटा हलतो. आणि मे महिन्यात क्लच प्लेटचं काम झालं. हे तिसरं तुम्ही जाता जाता लिहिलंत, मी तिथूनच सुरुवात करणार.

क्लच प्लेट टाकायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. गिअरबॉक्स उतरवताना त्याला बोल्ट केलेली अर्थची, म्हणजे करंट परत जायच्या वाटेची, पट्टी सोडावी लागते. इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या फाउंडेशनवर बसलेले असतात, बॉडीला लोखंडाने चिकटलेले नसतात. रबरातून करंट जात नाही. बॅटरीची निगेटिव्ह बॉडीला, आणि बॉडीपासून इंजिनला ही एक पट्टी. सेल्फ मारताना शंभर अँपिअरच्या वर करंट जातो आणि तो सगळा या पट्टीतून परत येतो. अल्टरनेटरचं चार्जिंगही याच वाटेने पुरं होतं. ही पट्टी चिखलावर, गंजावर किंवा रंगावर कसली असेल, तर तुम्ही जगातली सर्वांत चांगली बॅटरी टाका, उपयोग नाही.

तुमच्या टेम्परेचर सेन्सरची अर्थही इंजिनच्याच अंगाने येते, म्हणून लोड वाढला की काटा खोटं बोलतो. हा काटा हलणं फार मोलाची खूण असते. गिऱ्हाईक ते सांगत नाही, तुम्ही सांगितलंत.

पण माझ्या बोलण्यावरही जाऊ नका, मोजा. साधा डिजिटल मल्टिमीटर ३००-४०० रुपयांत मिळतो. २० व्होल्ट डीसीवर ठेवा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाला वीट लावलेली. केस आणि पदर बेल्टपासून लांब. गॅसचा वास येत असेल तर काहीही करू नका, आधी गळती बघून घ्या.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मोजा. १२.६ असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२च्या खाली म्हणजे उपाशी.

मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि त्याच वेळी बॅटरीच्या दोन टोकांवर आकडा बघा. इथे लोक फसतात, म्हणून नीट सांगतो. बॅटरी कमजोर असेल तर सेल्फ मारताना आकडा ९.६च्या खाली कोसळतो. पण सेल्फ कण्हतोय आणि बॅटरी मात्र ११च्या वर आरामात बसली आहे, असं दिसलं तर बॅटरीचा दोष नाही. तिच्याकडे करंट आहे, वाट अडली आहे.

वाट कुठे अडली ते बघायला मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह शिशावर, म्हणजे खुंटीवरच, थिंबलवर (वायरीच्या टोकाच्या कडीवर) नाही, आणि लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं. नंतर इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून तेच परत मोजा. तेव्हा ०.२ पेक्षा जास्त नको. पॉझिटिव्हची बाजूही अशीच, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत. इंजिन चालू असतानाच अल्टरनेटरच्या आउटपुटपासून त्याच्याच बॉडीपर्यंत किती व्होल्ट आहेत तेही बघून ठेवा, सातपूरकरांच्या शंकेचं उत्तर तिथे मिळेल.

आणि शेवटी फुकटातली परीक्षा. शेजाऱ्याची जंपर केबल आणा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनच्या धातूला. सेल्फ मारा. काय होतं ते लिहा.

डबेवाली सिडको (नाशिक)

काका, मीटर शालिमारवरून आणला, ३५० रुपये. पुतण्याला किल्लीवर बसवलं. वहीत लिहिलेलं जसंच्या तसं टाकते.

रात्रभर उभी: १२.२७.
सेल्फ मारताना बॅटरीवर: ११.३. सेल्फ कण्हत होता.
निगेटिव्ह खुंटी ते इंजिन, सेल्फ मारताना: २.६.
पॉझिटिव्ह ते सेल्फचा बोल्ट: ०.३.
इंजिन चालू, हेडलाइट लावून, बॅटरीवर: १२.९.
त्याच वेळी अल्टरनेटरवर, त्याच्या बॉडीला पिन लावून: १४.२.
त्याच वेळी निगेटिव्ह खुंटी ते इंजिन: १.१.

शेजारच्या टेम्पोवाल्या दादांची जंपर केबल लावली. सेल्फ असा फिरला की पुतण्याने दचकून किल्ली सोडली. या गाडीचा सेल्फ असाही फिरतो हे मी विसरले होते.

म्हणजे अल्टरनेटर चांगला आहे ना? १४.२ तयार होतात आणि बॅटरीपर्यंत १२.९च पोचतात?

जुना वायरमन

बरोबर ओळखलंत. १४.२ मधून १२.९ गेले, उरले १.३. त्यातले १.१ अर्थमध्ये खर्ची पडतात आणि ०.२ पॉझिटिव्हच्या वायरीत, तेवढे चालतात. हिशोब पुरा जुळतो. नवी बॅटरी दीड महिना अर्धपोटी राहिली आहे, तिला आता बाहेर काढून चार्जरवर पूर्ण भरून घ्या, नाहीतर प्लेटांवर सल्फेट बसून तीही जाईल.

गाडीखाली जाऊन पट्टी बघा. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची, मगच हात घालायचा. आणि एक सांगा, क्लच जड होतो म्हणालात, तो लाइटशिवाय भर दुपारी जास्त होतो की पहाटे?

डबेवाली सिडको (नाशिक)

दुपारी. अंबडमध्ये, सहा-सात थांब्यांनंतर. पहाटेच्या फेरीत अजिबात नाही. ऊन आणि ट्रॅफिक म्हणून असेल असं वाटायचं.

पिंपळगावचा गिअरवाला

मी मध्ये बोलतो, कारण १४,०००चा आकडा वाचून राहवलं नाही. मी पिंपळगाव बसवंतला गिअरबॉक्सचंच काम करतो, द्राक्षाच्या हंगामात पिकअप आणि व्हॅनच जास्त येतात.

ताई, गिअरबॉक्स खोलायच्या आधी दोन मिनिटांची परीक्षा आहे. क्लच जड झालेल्या वेळीच करा, सकाळी नको. इंजिन बंद करा आणि पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा. लोण्यासारखे पडले तर गिअर बदलायची केबल आणि आतले फोर्क ठीक आहेत. मग इंजिन चालू करा, क्लच पूर्ण दाबा, मनात सहापर्यंत मोजा आणि मग रिव्हर्स टाका. या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो रिंग (गिअरांचा वेग जुळवणारी पितळी कडी) नसते, फिरता गिअर थांबेपर्यंत वाट बघावी लागते. सहा मोजूनही खरखरला, तर गिअर थांबलाच नाही. म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाहीये. दोष गिअरबॉक्सच्या बाहेर आहे, केबलमध्ये नाहीतर प्लेटमध्ये.

आवाजही ऐका. न्यूट्रलला क्लच सोडल्यावर घूं येतो आणि दाबल्यावर जातो, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग. उलट दाबल्यावर येतो, तर रिलीज बेअरिंग. गाडी उचलताना मागून एक 'टक' येतो, तर शाफ्टचे क्रॉस.

दुसऱ्या गिअरचं वेगळं. फक्त उतरताना ओरडतो आणि जुनं आहे म्हणता, ती दुसऱ्याची सिंक्रो रिंग झिजली आहे. त्याला ऑइल बघून घ्या. लेव्हलचा बोल्ट काढला की ऑइल भोकाच्या काठापर्यंत हवं. बोटावर घेऊन उन्हात धरा. पिवळी चकाकी असेल तर रिंगचं पितळ आहे, अशीही बरेच महिने चालते. लोखंडाचे बारीक काटे दिसले तर मात्र बॉक्स लगेच उतरवा. आणि मॅन्युअलमध्ये गिअर ऑइलची प्रत जीएल-४ लिहिली असेल तर तेच टाका. भारी म्हणून जीएल-५ टाकतात, त्यातली गंधकाची मात्रा पितळाच्या रिंगला सोसत नाही.

जुना वायरमन

गिअरवाले दादांनी माझं अर्धं काम केलं. ताई, आता लक्ष देऊन वाचा, तुमच्या दोन आजारांची गाठ इथे आहे.

इंजिनला अर्थ मिळाली नाही म्हणून करंट थांबत नाही. तो दुसरी वाट शोधतो. इंजिन-गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत लोखंडाचं अजून काय जातं? क्लचची केबल. अॅक्सिलरेटरची केबल. गिअरच्या केबली. तुम्ही अंबडमध्ये १९ वेळा सेल्फ मारता आणि दर वेळी त्यातला मोठा हिस्सा क्लचच्या केबलमधून परत जातो. ती तार ओढण्यासाठी बनवली आहे, करंटसाठी नाही. ती तापते. आतलं प्लॅस्टिकचं अस्तर मऊ पडतं, तार त्याला धरते, क्लच जड होतो आणि पूर्ण सुटत नाही. पहाटे दोनदाच सेल्फ मारता म्हणून पहाटे काही होत नाही. उन्हाचा संबंध नाही.

मी माझ्या कामाच्या काळात असे बरेच क्लच पाहिले. प्रत्येक वेळी गिऱ्हाईक आधी प्लेटचे पैसे भरून आलेलं असायचं, आणि त्याचं मला वाईट वाटायचं.

खात्री करायची असेल तर गाडी सीएनजीवर नाही, पेट्रोलवर ठेवा आणि फ्यूएल पंपाचा फ्यूज काढा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. पाच-पाच सेकंद चार वेळा सेल्फ मारा, मध्ये दम घेऊ द्या. किल्ली काढून खिशात टाका, आणि मगच खाली वाकून केबलच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला उलट्या हाताने स्पर्श करा. झटका बसणार नाही, १२ व्होल्ट आहे, पण चटका बसू शकतो.

डबेवाली सिडको (नाशिक)

काल रविवार होता, डबे नव्हते. सगळं केलं, म्हणून आज सविस्तर लिहिते.

इंजिन बंद ठेवून गिअर टाकले, सगळे पडले. चालू करून सहा मोजले, रिव्हर्स खरखरला. मग फ्यूज काढून चार वेळा सेल्फ मारला. केबलच्या टोकाला मी बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं. आजूबाजूचं सगळं थंड होतं, फक्त ती केबल तापलेली. मिस्टर ओट्यावर बसून बघत होते, त्यांनाही हात लावायचा होता, पण वाकता येईना. मग मी टोक थोडं बाहेर ओढून त्यांच्या हातात दिलं. ते म्हणाले, "एवढी वर्षं चालवली, हे कधी सुचलं नाही."

टेम्पोवाल्या दादांनी त्यांच्या जॅकवर गाडी उचलून खाली लाकडी ठोकळे लावले, तेच खाली गेले. अर्थची पट्टी होती, पण तीन धाग्यांवर लटकलेली. बाकीची तांब्याची वेणी हिरवी होऊन भुगा झाली होती. बोल्टखाली वॉशरच्या आकाराचा वाळलेल्या चिखलाचा थर होता, म्हणजे मे महिन्यात पट्टी न पुसता तशीच कसली. त्यानंतर अख्खा पावसाळा गेला.

नवी पट्टी १८० रुपयांना मिळाली. दोन्ही जागा पॉलिश पेपरने पांढऱ्या होईपर्यंत घासल्या, खाली दातेरी वॉशर टाकला, बोल्ट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावली. बॅटरीकडून बॉडीला जाते ती जागाही तशीच घासली. बॅटरी शनिवारी रात्रभर दुकानात चार्जिंगला ठेवली होती. क्लचची केबल नवी टाकली, मजुरी धरून ६५० रुपये. जुनी केबल चिरून बघितली तर आतलं पांढरं अस्तर एका जागी पिवळं होऊन तारेवर घट्ट बसलं होतं, वीतभर लांबीत.

वहीतले आकडे:

सेल्फ मारताना बॅटरीवर: १०.५, आणि सेल्फ एका झटक्यात फिरतो.
निगेटिव्ह ते इंजिन, सेल्फ मारताना: ०.१५.
इंजिन चालू, हेडलाइट लावून, बॅटरीवर: १३.९.
निगेटिव्ह ते इंजिन: ०.०४.

आधी मला वाटलं १०.५ म्हणजे ११.३ पेक्षा वाईट. मग काकांचं वाक्य परत वाचलं. आता बॅटरी खरंच काम करतेय म्हणून आकडा उतरतो.

आज १९ थांबे केले. क्लच शेवटच्या गेटपर्यंत हलका होता. रिव्हर्स तीन ठिकाणी लागतो, तिन्ही ठिकाणी आवाज न करता पडला. साडेबाराला सगळे डबे पोचले होते.

गिअरवाले दादा, दुसरा गिअर उतरताना अजून ओरडतो. ऑइल बघितलं, काठापासून बोटभर खाली होतं, काळं होतं आणि उन्हात पिवळी चकाकी होती. लोखंडाचे काटे नव्हते. पूर्ण बदलून जीएल-४ टाकलं. आता दुसऱ्याला उतरताना मध्ये न्यूट्रलला क्लच सोडून, थोडा अॅक्सिलरेटर देऊन परत क्लच दाबते, तसा ओरडत नाही. असं किती दिवस चालवू?

पिंपळगावचा गिअरवाला

ते करताय तोवर निर्धास्त चालवा. गिअर स्वतःहून सुटून न्यूट्रलला यायला लागला, किंवा घूं आवाज सुरू झाला, तर मात्र थांबू नका. तेव्हा या, फक्त दुसऱ्याची रिंग आणि बेअरिंग बघू, अख्खा बॉक्स बदलायची गरज नाही. पुढच्या वर्षी गाडीला १५ वर्षं होतील, आरटीओत पासिंगला जायच्या आधी करून घेतलेलं बरं.

जुना वायरमन

ताई, ती वही गाडीतच ठेवा. दर पावसाळ्यानंतर इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून निगेटिव्ह ते इंजिन एवढा एकच आकडा मोजा आणि तारीख टाकून लिहा. ०.२च्या वर गेला की पट्टी घासायची. आणि गिअरबॉक्स परत कधी उतरला, तर चढवल्यावर पैसे द्यायच्या आधी त्यांच्यासमोर मीटर लावा.

डबेवाली सिडको (नाशिक)

काका, वही ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवली आहे. मीटर क्रेटच्या मागे, डब्यांच्या चमच्यांजवळ. काल संध्याकाळी टेम्पोवाल्या दादांची गाडीही मोजली. त्यांची ०.३५ आली, येत्या रविवारी तिची पट्टी काढणार आहोत.